मालागाच्या किनाऱ्यावर आई-बाबांना घेऊन चार-पाच दिवस: गाडी घ्यावी की नको?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही स्टुटगार्टला असतो. आई-बाबा उन्हाळ्यात सांगलीहून आलेत आणि परत जायच्या आधी आईची एकच फर्माईश आहे, "मोकळा समुद्र दाखव, तुमची ही गार तळी पुरे झाली." म्हणून सप्टेंबरच्या शेवटी स्पेन ठरवलं. गुरुवारी दुपारी मालागाला उतरतोय, सोमवारी रात्रीचं परतीचं विमान. तिकिटं काढून झाली, राहायचं मात्र अजून कुठेच बुक केलेलं नाही.

माणसं पाच. मी, नवरा, तिसरीतला मुलगा (नऊ वर्षांचा) आणि आई-बाबा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालतात, पायऱ्या आणि उतार म्हटलं की चेहरा पडतो. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि नेमकी त्या दिवसांत संकष्टी येतेय.

नवऱ्याने रीतसर एक्सेल शीट केली आहे. मालागा, नेर्हा, रोंदा, ग्रानादाचा अल्हाम्ब्रा महाल, कोर्दोबाची मशीद, आणि शेवटच्या रांगेत "वेळ उरल्यास सेविया". ती बघून मला धडकी भरली आहे. बाबा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. राजवाडा, चर्च वगैरे दहा मिनिटांत उरकतात, पण एखादं धरण, पूल किंवा जुनं यंत्र दिसलं की तिथून हलत नाहीत. त्यांना काय दाखवावं तेही सुचवा.

मुख्य प्रश्न असा की गाडी भाड्याने घ्यावी, की ट्रेन-बसवर भागेल? आणि मुक्काम कुठे करावा? तोरेमोलिनोस, बेनालमादेना, फुएन्हिरोला ही सगळी नावं मला सारखीच दिसतात, फोटोतले स्विमिंग पूलसुद्धा सारखेच.

---

घाटातला_गाडीवान

गाडी घ्या. यात विचार करण्यासारखं काही नाही. पाच माणसं, त्यात एक गुडघा. विमानतळावरच गाडी घ्यायची आणि सोमवारी तिथेच परत द्यायची. किनाऱ्यालगतचा ए-७ फुकट आहे. मालागाच्या पश्चिमेला त्याला समांतर एपी-७ आहे, त्याला टोल लागतो, पण रिकामा असतो. फुएन्हिरोलाहून ग्रानादा पावणेदोन तास, रोंदा दीड तास.

फक्त गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. आम्हाला एका स्वस्त कंपनीने काउंटरवर तासभर उभं करून इन्शुरन्सवर इन्शुरन्स चिकटवला आणि परत देताना चाकाच्या रिमवरचा ओरखडा आमच्या नावावर घातला. तरीही पुन्हा गेलो तर गाडीच घेईन.

आणि बाबांना पूल आवडतात ना? मग रोंदा. दरीवरचा पूल ९८ मीटर उंच आहे, १७९३ साली पुरा झाला. बाकी सगळं सोडा, तेवढं दाखवा.

---

पालोचा_कोल्हापुरी

ताई, मी मालागात राहतो. नोकरी टेक्नॉलॉजी पार्कात, घर शहराच्या पूर्व टोकाला एल पालोत. उन्हाळा लागला की इकडे पाव्हण्यांची रीघ लागते, त्यामुळे हा विषय मला तोंडपाठ आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी मिस्टरांची शीट. सेविया, कोर्दोबा आणि ग्रानादा, तिन्ही ओळी खोडा. ही तीन शहरं म्हणजे वेगळी सहल आहे, समुद्रकिनाऱ्याची नाही. कोर्दोबा आगगाडीने तासाभराच्या आत येतं हे खरं, पण ते मालागाहून. तुम्ही किनाऱ्यावरून निघणार, नातवाला उठवणार, काकूंचा चहा होणार, काका गुडघ्याला पट्टा बांधणार. दहा वाजले की संपला दिवस.

आता मुक्काम. इथे येणारा प्रत्येकजण हॉटेल समुद्र बघून घेतो. तुम्ही स्टेशन बघून घ्या. आणि स्टेशन बघून झालं की चढ बघा, कारण नकाशावर चढ दिसत नाही.

मालागा शहराच्या मध्यापासून फुएन्हिरोलापर्यंत एक लोकल धावते, सेर्कानियास सी-१. दर वीस मिनिटांनी गाडी. विमानतळाचं स्टेशन टर्मिनल ३ च्या समोरच आहे, बाहेर पडलं की सेर्कानियासचा लाल गोलातला पांढरा सी दिसतो. एका बाजूची गाडी शहरात जाते, दुसऱ्या बाजूची तोरेमोलिनोस, बेनालमादेना करत फुएन्हिरोलाला. तिथे रूळ संपतात. पुढे मार्बेयाला जायचं तर बस. या मार्गावर तुमचं हॉटेल असलं की निम्मं काम झालं.

पण तिन्ही गावं सारखी नाहीत. तोरेमोलिनोस कड्यावर बसलंय. स्टेशन आणि बाजारपेठ वर, वाळू खाली. मधे पायऱ्यांची दुकानांनी भरलेली उतरंड आहे, लिफ्टही आहे, पण काकांना रोज त्या लिफ्टच्या भरवशावर ठेवायचं का? बेनालमादेनाचं स्टेशन आर्रोयो दे ला मिएल नावाच्या वरच्या वस्तीत आहे. तिथून समुद्रापर्यंत सरळ उतार, आणि संध्याकाळी पोरगं वाळूत दमलेलं असताना तोच चढ. हॉटेलवाले "स्टेशन पंधरा मिनिटांवर" असं लिहितात, ते उतरतानाचं असतं.

फुएन्हिरोला मात्र सपाट आहे. दिसायला म्हणाल तर तिन्हींत सर्वांत सामान्य, उंच इमारतींची रांग, त्यात काही जीव जडावा असं नाही. पण स्टेशनातून निघालं की दोन-तीन चौकांत समुद्र, आणि किनाऱ्याचा फरसबंद रस्ता इतका लांब की एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत काकाच काय, मीही जात नाही. दर थोड्या अंतरावर बाक. त्यातही शेवटच्या आधीचं स्टेशन, लोस बोलिचेस, तिथे जागा बघा. वस्ती जरा निवांत आहे. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, संकष्टीचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

येताना गाडीत डाव्या बाजूला बसा. बेनालमादेना सोडल्यावर तोरेमुएये ते कार्वाहाल या टप्प्यात समुद्र खिडकीशी येतो. काकूंना तो पहिला दिसू दे.

गुरुवारी दुसरं काही करू नका, नुसतं पाण्यात जा. सप्टेंबरअखेर पाणी वर्षातल्या चांगल्या उबेला असतं, तरी कोकणातल्यासारखं कोमट मिळेल या आशेवर राहू नका. अटलांटिकचं पाणी जिब्राल्टरमधून आत शिरतं, ते इथे लगेच लागतं. वाळू करडी आणि जाडसर, पायाला टोचते. पोराला पाण्यात घालायच्या रबरी चपला घ्या.

शुक्रवारी मालागा. लोकलने पाऊण तास, शेवटचं स्टेशन सेंत्रो-आलामेदा. दहापर्यंत पोचा आणि थेट आतारासानास मंडईत जा. इमारतीचं मोठं दार चौदाव्या शतकातलं आहे, अरबांच्या काळात इथे जहाजं बांधायची गोदी होती. तेव्हा समुद्र या दारापर्यंत होता, नंतर मागे सरला. मागच्या भिंतीला रंगीत काचांची प्रचंड खिडकी आहे, उजेड त्यातून मासळीच्या बर्फावर पडतो. काकू मासळीच्या बाजूला जाणार नाहीत, त्यांना सुक्या मेव्याकडे न्या. इथल्या मस्कत जातीच्या द्राक्षांच्या मनुका बिया-देठासकट विकतात, मोठ्या, चिकट, आणि वासाला अशा की पिशवी बंद ठेवली तरी कळतं. बदामही इथलेच.

तिथून अलकासाबा, म्हणजे अरबी किल्ला-राजवाडा. लोक समोरच्या दारातून चढत जातात. तुम्ही महापालिकेच्या इमारतीमागे जा, तिथे टेकडीच्या पोटातून लिफ्ट आहे, ती थेट वरच्या भागात सोडते. आधी तिकीट खिडकीवर लिफ्ट चालू आहे का तेवढं विचारा. पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे, ते १९५१ साली बागेचं खोदकाम करताना सापडलं. ते रस्त्यावरूनही पूर्ण दिसतं, त्यामुळे काका बाकावर बसले तरी चालेल. त्याच्या वरचा हिब्राल्फारो किल्ला पायी चढायच्या फंदात पडू नका, ३५ नंबरची बस वर जाते. पिकासो याच शहरात १८८१ साली जन्मला. त्याचं संग्रहालय जवळच आहे, आवड असेल तर जा. नऊ वर्षांच्या पोराला तिथे दोन तास धरून ठेवणं मात्र अवघड.

दोन ते पाच शहर झोपतं असं म्हणतात. मोठी दुकानं उघडी असतात, पण लहान दुकानं बंद आणि ऊन वरून. तेव्हा जेवायला बसा. संध्याकाळी मिस्टर आणि चिरंजीव मासे खाणारे असतील तर ११ नंबरची बस धरून आमच्या एल पालोला या. वाळूत जुनी होडी ठेवलेली असते, होडीत वाळू भरलेली, त्यावर ऑलिव्हच्या लाकडांचा जाळ. तारली सळईला ओवून जाळाच्या कडेला तिरप्या रोवतात, सळई काट्याच्या खालून घालायची म्हणजे भाजल्यावर मासा गळून पडत नाही. भाजणारा वारा कुठून येतोय ते बघून सळया फिरवत असतो, बाकी कुणाशी बोलत नाही. वर जाडं मीठ, दुसरं काही नाही. हातानेच खायचं.

आता गाडी. वरच्या साहेबांशी माझं भांडण नाही, पण चार दिवस गाडी दारात उभी करून पार्किंगचे पैसे भरण्यात काय हशील? एकच दिवस घ्या, शनिवारी, फुएन्हिरोला गावातूनच. आणि त्या दिवशी रोंदाला नको, नेर्हाला जा. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, ए-७ ने, एक पैसा टोल नाही. बसही आहे, मालागाच्या मारिया सांब्रानो स्टेशनालगतच्या स्थानकावरून, आल्सा कंपनीची. पण लोकल, मग बस, मग पुढे अजून एक बस, एवढं काकांना नको.

नेर्हा का, तर काका साखरेचे म्हणून. हा सगळा पूर्वेचा किनारा ऊसपट्टा होता. अरबांनी ऊस इथे आणला आणि पुढे शतकानुशतकं मोत्रील, सालोब्रेन्यापर्यंत तो उभा होता. शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद पडला. आता त्याच जमिनीत ॲव्होकॅडो आणि आंबे आहेत. नेर्हा आणि मारो यांच्या मधे रस्त्यालगत एका ओढ्यावर चार मजली कमानींचा जलसेतू दिसेल, तांबड्या विटांचा, एकूण ३७ कमानी. एकोणिसाव्या शतकात तो बांधला तो मारोच्या साखर कारखान्याला पाणी न्यायला. पर्यटक त्याला रोमन समजून फोटो काढतात. काकांना आधी काही सांगू नका, कारखान्याचं पाणी होतं हे तिथे पोचल्यावर सांगा.

नेर्हाहून सहा किलोमीटर वर फ्रिहिलियाना हे पांढऱ्या भिंतींचं गाव. गल्ल्या चढाच्या, गोट्यांच्या नक्षीच्या, त्यात काकांना नेऊ नका. पण गावाच्या तोंडालाच एक लांबलचक जुनी इमारत आहे, एल इन्हेनियो, सोळाव्या शतकातला सरदारवाडा. त्यात आजही उसाची काकवी तयार होते आणि युरोपात काकवी करणारा एवढाच कारखाना उरलाय. बाटल्या गावात कुठल्याही दुकानात मिळतील. चौकात सावलीला टेबलं आहेत, काका-काकू तिथे बसतील, तुम्ही तिघं वर चक्कर मारून या.

नेर्हाच्या गुहेबद्दल विचाराल म्हणून सांगतो. १९५९ साली मारोच्या पाच पोरांना ती सापडली, वटवाघळं धरायला गेली होती. आत ३२ मीटर उंचीचा खांब आहे, छत आणि जमीन यांच्यातले लवणस्तंभ जुळून झालेला. तुमच्या चिरंजीवांना बेहद्द आवडेल. पण पायऱ्या भरपूर आणि ओलसर. काका बाहेर थांबतील तर जा.

रविवार-सोमवारचं नंतर लिहितो, ऑफिसची बस आली.

---

सांगलीची_लेक

दादा, किती मनापासून लिहिलंत! लोस बोलिचेसला तीन खोल्यांचं अपार्टमेंट बघायला घेतलंय, तळमजल्याला स्वतंत्र दार आहे. काकवीचं मी बाबांना सांगून टाकलं, राहवलं नाही. तेव्हापासून ते विचारतायत की तिथे उघडी कढई आहे की व्हॅक्यूम पॅन.

नवरा शीट खोडायला तयार नाही. त्याचं म्हणणं स्पेनला जाऊन अल्हाम्ब्रा न बघता येणं म्हणजे आग्र्याला जाऊन पेठा खाऊन येणं. शिवाय त्याला ते कड्यावरच्या फळ्यांवरून चालायचं काहीतरी आहे, कामिनितो देल रेय, ते करायचंय मुलाला घेऊन. नऊ वर्षांच्या मुलाला सोडतात का?

---

अंडंही_नाही

मी फक्त आईंच्या जेवणाबद्दल लिहिते, त्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "सांडविच वेहेताल". नाव भाजीचं, आत टूना मासा आणि उकडलेलं अंडं. ट्रेन स्टेशनवर, पेट्रोल पंपावर सगळीकडे हेच मिळतं. दुसरा सापळा साल्मोरेखो, टोमॅटो आणि पावाचं घट्ट गार सूप. मूळ पदार्थ आईंना चालेल असा, पण वाढताना वरून अंड्याचा चुरा आणि हॅमचे तुकडे पेरतात. हॅमला इथे कुणी मांस समजत नाही, मीठ-मिरीच्या रांगेत बसवलेलं आहे. म्हणून "मांस नको" एवढं सांगून उपयोग नाही, एकेक नाव घ्यावं लागतं. सिन हामोन, सिन आतुन, सिन वेवो (हॅम नको, टूना नको, अंडं नको). फोनवर मोठ्या अक्षरात लिहून वेटरला दाखवा. रागावत नाहीत, उलट आत जाऊन विचारून येतात.

चालणारं बरंच आहे. मालागाचं खास म्हणजे आहोब्लांको, बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं पांढरं गार सूप, वर द्राक्षं. आमच्या सासूबाईंनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं आणि मग दुसरी वाटी मागितली. वांग्याचे तळलेले काप, वरून काकवीची धार, हे इकडच्या सगळ्या हॉटेलांत असतं, पाहिजेच. भाजलेल्या हिरव्या मिरच्या वर मीठ घालून देतात, तिखट नसतात (एखादी निघते). मात्र तळणाचं तेल माशाचंच असतं बऱ्याच ठिकाणी. ते चालत नसेल तर किनाऱ्यावरच्या टपरीवजा हॉटेलांत वांगीही घेऊ नका, गावातल्या हॉटेलात विचारून घ्या. बटाटेवड्याच्या आशेने बटाटे मागवाल तर सोबतचं पांढरं लसणाचं सॉस बाजूला ठेवायला सांगा, त्यात अंडं असतं.

चुरोस, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, बिनधास्त खा. पीठ, पाणी, मीठ आणि तेल, अंडं नाही. आतारासानास मंडईच्या जवळच कासा आरांदा म्हणून १९३२ पासूनचं दुकान आहे, गल्लीत टेबलं मांडतात. सकाळी मंडईच्या आधी तिथे जा.

संकष्टीला साबुदाणा, दाण्याचं कूट, जिरं जर्मनीतूनच पिशवीत भरून न्या, एकाच शेंगेन हद्दीतला प्रवास आहे. बटाटे, दही, फळं कोपऱ्यावर मिळतील, पण रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद, शनिवारी रात्रीच भरून ठेवा. उपवास सोडायची काळजी नको. तिथे चंद्रोदय होईपर्यंत लोकांचं रात्रीचं जेवण सुरूच झालेलं नसतं. नऊच्या आधी गेलात तर स्वयंपाकघर बंद म्हणून परत पाठवतात.

---

घाटातला_गाडीवान

मी अजूनही म्हणतो चारही दिवस गाडी. पण ठीक आहे.

अल्हाम्ब्राच्या बाबतीत ताईंच्या मिस्टरांच्या बाजूने आहे. कोल्हापूरकर मालागात राहतात, त्यांना केव्हाही जाता येतं. या वयाचा माणूस पुन्हा कधी येणार आहे? पहाटे निघा, रात्री या. माझ्या वडिलांना मी तसंच नेलं होतं, दमले, पण आजही तिथल्या नासरी सुलतानांच्या राजवाड्याच्या छताबद्दल बोलतात.

---

पालोचा_कोल्हापुरी

साहेब, मुद्दा मान्य. पण तुमच्या वडिलांचा गुडघा कापलेला नव्हता. अल्हाम्ब्रा ही एक इमारत नाही, टेकडी आहे. नासरी राजवाडे, अलकासाबा आणि वरच्या हेनेरालिफेच्या बागा, तिन्ही एकाच तिकिटात आणि मधे बऱ्यापैकी चाल, दगडी उतार. राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत, मग बाहेर कितीही विनवण्या करा. तिकीट नावाने आणि पासपोर्ट नंबरने निघतं, प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट जवळ लागतो. आणि सप्टेंबरअखेरच्या शनिवार-रविवारची तिकिटं आजच्या आज बघा, असतील तर नशीब. मिळाली आणि काका स्वतः "जाऊ" म्हणाले, तर शनिवारची गाडी ग्रानादाला न्या आणि नेर्हा सोडा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, एवढंच माझं म्हणणं. काकांनाच विचारा ना, एका बाजूला सुलतानाचा महाल, एका बाजूला काकवी. काय म्हणतील ते मला कळवा.

रोंदाचंही तसंच. पूल खणखणीत आहे, काकांना आवडेलच. जुन्या सरकारी हॉटेलाच्या बाजूच्या कठड्यावरून तो सपाटीवर उभं राहून दिसतो, खाली दरीत उतरायची गरज नाही. पण किनाऱ्यावरच्या सान पेद्रोहून वर चढणारा रस्ता पूर्ण वळणांचा आहे. पोराला गाडी लागत असेल तर पिशव्या घेऊन बसा. रोंदा किंवा नेर्हा किंवा ग्रानादा, एकच दिवस, एकच गाडी.

कामिनितो. हो, आठ वर्षं पुरी झालेल्यांना सोडतात, वयाचा पुरावा म्हणून पोराचा पासपोर्ट ठेवा. मूळ वाट जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांची, १९२१ साली राजा तेरावा आल्फोन्सो तिच्यावरून चालला म्हणून हे नाव पडलं. नंतर ती मोडकळीला आली, लोक पडून मेले, आणि सगळं नव्याने बांधून २०१५ मध्ये उघडली. घळीच्या भिंतीला फळ्यांची वाट, खाली शंभरेक मीटरवर नदी. जुनी तुटकी वाट तुमच्या पायाखालीच दिसत राहते, त्यामुळे नवीवर चालताना हिंमत येते की जाते, ते ज्याचं त्याने बघावं. हेल्मेट तिथेच देतात. एकाच दिशेने चालायचं, उत्तरेकडून दक्षिणेकडे. साधारण पावणेआठ किलोमीटर, त्यातला फळ्यांचा भाग थोडाच.

सोमवारी बंद असतं, म्हणून रविवारी जा. फक्त बाप-लेक. मारिया सांब्रानोहून एल चोर्रोची गाडी आहे, पण दिवसातून मोजक्याच, त्यामुळे आधी गाडीची वेळ बघा आणि मग त्याला जुळेल असं प्रवेशाचं तिकीट काढा. लोक नेमकं उलटं करतात. एल चोर्रो स्टेशनच्या बाहेरून शटल बस वरच्या तोंडाशी नेते, तिथून दारापर्यंत अजून थोडं चालायचं आहे, ती वेळ धरा. वारा जोराचा असला की वाट बंद ठेवतात, तेव्हा मन घट्ट करून ठेवा.

तेवढ्यात तुम्ही आणि काका-काकू बेनालमादेनाला जा. आर्रोयो दे ला मिएल स्टेशनवर उतरायचं आणि तिथून टॅक्सी करून जुन्या गावाजवळच्या बौद्ध स्तूपाकडे. दचकू नका, खरंच स्तूप आहे, ३३ मीटर उंच, २००३ साली उघडला, युरोपातला सर्वांत मोठा. तिबेटी पद्धतीचा. आत एक शांत दालन, भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रं, बाहेर ओटा आणि खाली पूर्ण किनारा. काकूंना मोकळा समुद्र पाहिजे ना, तो इथून दिसतो. वाळूत बसून समोरची छत्रीच दिसते. परत स्टेशनपाशी या, तिथूनच डोंगरावर रोपवे जातो, पंधरा मिनिटांचा पाळणा. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे आफ्रिकेचे डोंगर दिसतात. वर खडबडीत पायवाटा आहेत, काकांनी वरच्या सज्जातूनच बघून खाली यायचं. ला पालोमा बागही जवळच आहे, ससे आणि कोंबडे मोकळे फिरत असतात.

मिहासला जायचं मनात असेल तर सोमवारी सकाळी, फुएन्हिरोलाहून बसने अर्ध्या तासाच्या आत. तिथे गाढवांच्या टॅक्सी उभ्या असतात, पोरगं हट्ट करेल. मला ती गाढवं उन्हात रांगेने बांधलेली बघवत नाहीत, मी पाव्हण्यांना त्या बाजूने नेतच नाही.

आणि आंबे! विसरलोच होतो. सप्टेंबरअखेर इथल्या आंब्यांचा हंगाम असतो. ऑस्तीन नावाचा, जांभळट सालीचा, मोठा. शनिवारी नेर्हाच्या वाटेवर फळांच्या दुकानात थांबा, हाताला नरम लागणारा घ्या. हापूसशी तुलना करणाऱ्याला मी घरात घेत नाही.

---

सांगलीची_लेक

बाबांना विचारलं. चष्मा काढून म्हणाले, "महाल पुष्कळ झाले." नवरा अल्हाम्ब्राची तिकिटं बघत होता, शनिवारची नव्हतीच. एक्सेल शीट आता तीन ओळींची आहे आणि त्यातली एक "आंबे" आहे.

शेवटचं. सोमवारी अकराला अपार्टमेंट सोडायचं आणि विमान रात्री साडेनऊला. सामानाचं काय करायचं? लॉकर शोधत बसू का?

---

पालोचा_कोल्हापुरी

अपार्टमेंटवाल्याला आजच लिहून विचारा, बरेचजण खालच्या खोलीत ठेवू देतात. नाही म्हणाला तर मारिया सांब्रानो स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे, पण त्यासाठी विमानतळ ओलांडून पुढे जाऊन परत यावं लागेल, तेव्हा तो दुसरा पर्याय. मिहास रद्द करून किनाऱ्यावर सावलीच्या खुर्च्या भाड्याने घेतल्या तरी दिवस चांगला जातो, बॅगा शेजारी ठेवायच्या आणि पाण्यात आळीपाळीने जायचं.

संध्याकाळी सहाच्या आसपास निघा. लोस बोलिचेस हे सुटल्यानंतरचं पहिलंच स्टेशन, त्यामुळे बॅगांसकट पाचही जणांना बसायला जागा मिळेल. फक्त काकवीच्या बाटल्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, शंभर मिलिलिटरच्या वर असतात, तपासणीला काढून घेतील. चेक-इनच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून टाका.